आधी कागदाला विचार

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा माझे हात ज्वारीच्या पिठात होते. "ताई, मामाजींच्या भरमारीत डुकरासाठी कोनती गोळी घालू वो?" असं तू विचारलंस आणि मी विषय बदलला. राग मानू नको. पलीकडून जावयांचा आवाज येत होता, पोरांचा गलका चालला होता, आणि हा प्रश्न काही भाजीतल्या मिठाचा नाही, की फोनवर "चमचाभर" म्हणून मोकळं व्हावं. आज दुपारी निवांत आहे. सगळं सांगते.

तुझा जीव का जळतो ते मला कळत नाही असं समजू नको. शेंगा भरलेल्या तुरीत एका रात्री डुकरांचा कळप फिरला की सकाळी धुऱ्यावर उभं राहवत नाही. खातात ते एक वेळ परवडलं, पण लोळतात, उकरतात, मोडून ठेवतात ते कोणत्या हिशेबात धरायचं? आपल्या दर्यापूरकडच्या वावरात हरभऱ्यात रोही बसायचे, आठवते का? बाबा हिवाळाभर जागलीला जायचे. तू लहान होतीस, तुला त्यांनी पहाटे आणलेला ओला हरभराच आठवत असेल. मला त्यांच्या घोंगडीचा दारूचा वास आठवतो. पिण्याची नव्हे गं, बंदुकीची. गंधकाचा तो वास होळीपर्यंत जात नसे.

तुझे सासरे, मामाजी, गेल्यावर जावयांनी बंदूक ठाण्यात जमा केली, हे फार शहाणपणाचं केलं. परवानेवाला गेला की घरात टांगलेली बंदूक ही वारसाची ठेव नसते, विनापरवाना हत्यार असतं. मग ती आजोबांपासूनची असो की पणजोबांपासूनची. आता परवाना तुझ्या नावानं करायचा म्हणतेस ते मला पटलं. 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 13 मध्ये ठासणीच्या बंदुकीचं, म्हणजे आपल्या भरमारीचं, नाव चक्क घातलेलं आहे: खऱ्या पीकसंरक्षणासाठी ती नागरिकाला देता येते. सातबारा तुझ्या नावावर आहे, वावर तू पाहतेस, जावई दिवसभर दुकानात असतात. मग अर्ज तुझाच हवा. टेबलापलीकडचा कोणी "बाईच्या नावानं?" असं विचारेल. विचारू दे, तू फक्त पोच घे.

एक गोष्ट मात्र मोजून घे. तुझं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, नरनाळ्याच्या अंगाला. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानेवाल्यांची वनखात्याकडे वेगळी नोंद असावी लागते, आणि तिथे नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. मामाजींची ती नोंद होती की नाही, ते त्यांच्या जुन्या कागदांच्या पिशवीत सापडेल. ती लोखंडी पेटीतली निळी पिशवी, जिच्यात विहिरीच्या मोटरचं बिलही निघालं होतं.

आणि बाई, बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावराची परवानगी वेगळी. पहिला जिल्हाधिकाऱ्यांकडून येतो, दुसरी वनखात्याकडून. या दोन्हींत गल्लत करून कितीतरी सरळमार्गी कास्तकार कोर्टाच्या पायऱ्या झिजवून राहिले. 1972 चा वन्यजीव कायदा शिकार बंद करतो, पण उभ्या पिकाला धोका असला तर लेखी परवानगीची वाट ठेवतो. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहेत, त्यांच्यासाठी वनक्षेत्रपालाकडे अर्ज करता येतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे बंदूक घेऊन पाहायचंसुद्धा नाही, हरभरा कितीही खाल्ला तरी. आणि परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारचं असतं. गावातले चार जण ताटल्या घेऊन येतील, त्यांना दारातूनच परत पाठव.

आता गोळीचं.

बाबांची पहिली काही वर्षं कशी गेली ते तुला कोणी सांगितलं नसेल, कारण घरात तो विषय काढत नसत. तेव्हा बाबाही सगळ्यांसारखेच भरायचे: अंदाजानं दारू, वर चिंध्या, मग मूठभर छर्रे, आणि कोणी म्हटलं म्हणून सायकलच्या चाकातल्या दोनचार पोलादी गोळ्या. हेतू एवढाच, की एकतरी लागेल. एके रात्री लागली. एक नाही, सातआठ लागल्या असतील. पण डुक्कर पडलं नाही, पऱ्हाटीत शिरलं. सकाळी सालदारकाका रक्ताच्या थेंबांवरून शोधत गेले आणि जखमी डुकरानं त्यांची मांडी उभी फाडली. अकोल्याला नेईपर्यंत बैलबंदीतलं कुटार लाल झालं होतं. काका वाचले, पण पुढे जन्मभर लंगडत चालले. डुक्कर तिसऱ्या दिवशी नाल्यात सापडलं, माशांनी भरलेलं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी बंदूक खाली काढली आणि पहिल्यांदाच ती नीट पाहिली.

छर्रे डुकरासाठी का नाहीत, ते यातच आलं. नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड ढाल असते, आपसात सुळ्यांनी मारामारी करताना तीच त्याला वाचवते. बारीक छर्रा त्या ढालीतच थांबतो. जनावर मरत नाही, फक्त पिसाळतं. पोलादी गोळ्यांचं तर विचारूच नको: त्या नळीला आतून ओरखडे पाडतात, जनावरातून काडीसारख्या आरपार जातात किंवा हाडावरून भलतीकडे वळतात. खिळे, तारेचे तुकडे, गोटे भरणारेही मी पाहिले आहेत. त्यांच्या बंदुकीपेक्षा त्यांच्या नशिबावर त्यांचा भरवसा जास्त.

भरमारीत भरायची ती एकच, गोल, मऊ शिशाची गोळी. शुद्ध शिसं नखानं कोरलं तर ओरखडा उठतो, एवढं मऊ. हाडामांसात शिरलं की ते चपटं होतं, रुंद होतं, आणि वाट मोठी करत जातं. मिसळीचं कडक शिसं तसं पसरत नाही. गाड्यांच्या चाकाला लावायची वजनं वितळवून कोणी गोळ्या ओतून देतो म्हणाला तर घेऊ नको, त्यात दुसरे धातू असतात. आणि ओतायच्या भानगडीत तू स्वतः पडू नको. शिसं 327 अंशांवर वितळतं, गॅसवरही वितळेल, म्हणूनच सांगते: स्वयंपाकघरात नाही, घरातल्या भांड्यात नाही, पोरांच्या आसपास नाही. शिशाची वाफ आणि धूळ लहान पोरांच्या अंगात जाऊन बसते. परवान्यावर, परवानेवाल्या दुकानातून, पावतीसह घे.

गोळी केवढी? इथे गंमत आहे. बंदुकीचा 'बारा बोर', 'सोळा बोर' हा आकडा कुठून आला, माहीत आहे? नळीत बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती बसतात, तो आकडा. बारा बोरच्या नळीची गोळी पौंडाचा बारावा हिस्सा, म्हणजे जवळजवळ 38 ग्रॅम. सोळाची 28 ग्रॅम. आकडा वाढला की गोळी लहान. आणि जाडी थोडी वाढली की वजन भलतंच वाढतं. 12 मिलिमीटरची शिशाची गोळी साधारण 10 ग्रॅम भरते, 18 मिलिमीटरची 34 च्या वर. जाडी दीडपट, वजन तिपटीहून जास्त. गोल गोळीत सगळी ताकद याच हिशेबाची आहे. लांबट गोळीसारखं तिला लांबी वाढवून वजन घेता येत नाही, तिला रुंदच व्हावं लागतं.

तू विचारशील, मग लांबट गोळी का नको? दुकानदार दाखवेल, चकचकीत, टोकदार. त्याला नळी दाखव. मामाजींची नळी आतून गुळगुळीत असणार, पीकसंरक्षणाच्या भरमारी बहुतेक तशाच असतात. लांबट गोळीला सरळ जायला स्वतःभोवती फिरावं लागतं, आणि तो फेर तिला नळीतल्या आट्यांमधून मिळतो. गुळगुळीत नळीतून ती उलटीपालटी होत जाते, कधी आडवी लागते. गोल गोळीला पुढची आणि मागची बाजूच नसते, म्हणून ती आट्यांशिवायही जवळच्या अंतरावर सरळ जाते.

यावर एका इंग्रजानं पुस्तकच लिहून ठेवलं आहे. जेम्स फोर्सिथ त्याचं नाव. तुझ्या घरामागचा सातपुडा जिथे पलीकडे उतरतो, त्या निमाडच्या बाजूला त्यानं नोकरी केली. 1863 साली त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यावरच एक पुस्तक काढलं. तेव्हा जगभर लांबट गोळीचीच हवा होती. 1849 मध्ये फ्रान्समध्ये मिनिएची पोकळ बुडाची गोळी आली होती, 1853 ची एन्फिल्ड तशीच गोळी झाडायची, जिच्या काडतुसांच्या चरबीवरून 1857 साली रान पेटलं. फोर्सिथ म्हणाला, लढाईचं लढाईला, आमच्या रानात वाघ-गवा पन्नास-शंभर पावलांवर दिसतो, तिथे मोठी, गोल, जड गोळी, भरपूर दारू आणि नळीला अगदी सैल फेर, हेच बरं. त्या काळच्या साहेबांच्या शिकारीबद्दल मला काडीचं प्रेम नाही, त्यांनी सातपुडा ओरबाडला. पण या माणसानं गोळीचा विचार अंतरापासून सुरू केला, जनावराच्या आकारापासून नाही, ते मला आवडलं. फक्त त्याचं 'भरपूर दारू' आपल्यासाठी नाही हं. त्याच्या रायफली नव्या, जाडजूड होत्या. मामाजींची नळी किती पावसाळे पाहिलेली आहे देव जाणे. परवानेवाल्या कारागिराकडून आधी नळी, बूड आणि टोपी बसते ते बोंड तपासून घे. किती दारू चालेल ते त्याच्याकडून लिहून घे आणि त्या मापाच्या वर एक चिमूटही जाऊ नको. तीही काळी दारूच, दुकानातली. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत घालणं म्हणजे हातात बॉम्ब धरणं. फटाक्याची दारू काढून भरणारे दीडशहाणे प्रत्येक गावात असतात, त्यांना चहा पाजून पाठव.

गोळी नळीत कशी बसते यावर अर्धा खेळ आहे. तुझ्याकडच्या अडगावला 1803 च्या 29 नोव्हेंबरला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्लीची लढाई झाली, आणि पुढे 15 डिसेंबरला गाविलगड पडला. त्या गोऱ्या शिपायांच्या बंदुकीची नळी साधारण 19 मिलिमीटर आणि गोळी साडेसतरा. मुद्दाम सैल. घाईत भरता यावी, नळी काजळली तरी अडकू नये म्हणून. पण सैल गोळी नळीत खडखडत बाहेर येते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला लागेल तिकडे जाते. समोर हजार माणसांची रांग असली तर चालून जातं. तुझ्यासमोर एक डुक्कर असणार, आणि त्याच्या मागे शेजाऱ्याचं वावर.

म्हणून गोळीला कापड लावायचं. इथे आपण वऱ्हाडातल्या बाया शहाण्या, कापसाच्या देशातल्या. निव्वळ सुती, घट्ट विणीचं मांजरपाट घे. दोनदा धुऊन खळ काढ. पॉलिस्टर मिसळलेलं नको, ते उष्णतेनं वितळून नळीला चिकटतं. बाबा त्याला मधमाशीचं मेण आणि तिळाचं तेल एकत्र करून लावायचे. गोळी कापडासकट नळीत अंगठ्यानं थोडी दाबल्यावर बसली पाहिजे, आणि मग गजानं एका दमात, सारख्या जोरानं बुडापर्यंत. हातोडीनं ठोकावी लागली तर कापड जाड आहे, आपोआप घरंगळली तर पातळ.

गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, हे लाल पेनानं लिहून ठेव. मध्ये पोकळी राहिली तर दारू पेटल्यावर नळी तिथे फुगते, कधी फुटते. बाबांनी गजावर दोन खुणा कोरल्या होत्या. रिकाम्या नळीत गज किती आत जातो ती एक, ठासल्यावर किती बाहेर राहतो ती दुसरी. ते रोज घरात शिरताना ओसरीवर गज घालून पाहायचे आणि आईला खूण दाखवायचे. आईला बंदुकीतलं काही कळत नव्हतं, पण खूण कळायची. तूही जावयांना ती खूण दाखवून ठेव, कारण घरात लहान पोरं आहेत आणि ठासलेली भरमार बाहेरून रिकाम्या भरमारीसारखीच दिसते.

आता कागदाचं. सालदारकाकांच्या त्या प्रकारानंतर बाबा म्हणायचे, "बाई, बंदूक खोटं बोलते, कागद नाई बोलत."

दिवाळीच्या आसपास, माती ओली आहे तोवर चाचणी उरक. उन्हाळ्यात आपली काळी माती दगडासारखी होते, गोळी तिच्यावरून उसळून जाते. पाण्यावरूनही उसळते, म्हणून शेततळ्याकडे तोंड करून कधीच नाही. मागे माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, गोटे नसलेला मातीचा बांध पाहिजे, आणि बांधामागे कोणी नाही हे पाहायला एक माणूस. ठाण्यात आधी सांग, परवान्यावरच्या अटी वाच, वनरक्षकाच्या कानावर घाल. नाहीतर पहिल्या बारालाच गाव म्हणेल, हिनं वाघ मारला.

चारपायी आडवी टाक, तिच्यावर मातीची पोती, पोत्यांवर बंदुकीचा पुढचा हात. खांद्याचा कस पाहायचा नाही, गोळीचा पाहायचा आहे. पंचवीस पावलांवर कागद लाव, त्यावर काळा ठिपका. तीन गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर नळीतून ओलं आणि मग कोरडं कापड फिरव, म्हणजे काजळी सारखी राहते आणि नळीत एखादी ठिणगी उरली असेल तर विझते. त्याशिवाय पुन्हा दारू घालायची नाही. दारू नेहमी मापानं, डब्यातून थेट नळीत कधीच नाही. टोपी फुटली आणि बार झाला नाही, तर तोंड बांधाकडेच ठेवून मिनिटभर थांब. आत दारू धुमसत असते कधीकधी.

तीन भोकं ठिपक्यावर आहेत का हे नंतर पाहा, आधी ती एकमेकांजवळ आहेत का ते पाहा. जवळ असली पण डावीकडे असली तर बंदूक शहाणी आहे, नेम शिकायचा आहे. विखुरली असली तर बंदुकीला ती गोळी, ते कापड किंवा ती दारू मानवत नाही. मग एका वेळी एकच गोष्ट बदल. बाबांनी सुरुवातीला दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि अख्खा डबा दारू संपवून काहीच कळलं नाही म्हणून कपाळावर हात मारला होता. जमिनीवर पडलेली कापडं गोळा कर, तीच खरी साक्षीदार. कडा जळाल्या, मध्ये भोक पडलं, तर गॅस गोळीला वळसा घालून निसटतो आहे, कापड जाड घे. कापड गोल, काळवंडलेलं पण अखंड मिळालं तर जुळलं. आणि ती कापडं गोळा करण्याचं दुसरंही कारण आहे: ती धुमसत पडतात. बाजूला तुराट्यांचा ढीग, कुटाराची गंजी. डुकरं राहतील बाजूला आणि बैलांचा वर्षाचा चारा जाईल. पाण्याची बादली जवळ पाहिजेच.

मग पन्नास पावलांवर तेच. बाबांचं माप साधं होतं: तीनही गोळ्या ताटलीत बसल्या पाहिजेत. जेवणाचं ताट नव्हे, चिवडा देतो ती ताटली. डुकराचं काळीज-फुप्फुस तेवढंच असतं, पुढच्या पायाच्या मागे. ज्या अंतरावर ताटली सुटली, त्याच्या अलीकडचं अंतर ते तुझं अंतर. गुळगुळीत नळीला ते चाळीस-पन्नास पावलांपलीकडे क्वचितच जातं. गोल गोळी हवेत वेग फार लवकर टाकते, जवळ जे हाड मोडते ते दुप्पट अंतरावर नुसतं दुखवते. त्या अंतरावर वावरात एक खुंटी रोव, चुना लावलेली. खुंटीपलीकडे जनावर कितीही मोठं, कितीही उभं राहिलेलं असलं तरी ते तुझं नाही.

एक बारीक गोष्ट सांगते, ही बाबांनाही उशिरा उमगली. वावरात तुझा पहिला बारच कामाचा असतो. ठासणीची बंदूक आहे, दुसरा भरेपर्यंत डुक्कर पुढच्या गावात पोचतं. म्हणून कागदावरही पहिल्या बाराला मान दे. नळी थंड आहे, साफ आहे, आत तेलाचा पदर आहे, तेव्हाची पहिली गोळी बहुतेकदा बाकीच्यांपासून वेगळीच पडते. आठ दिवस रोज सकाळी एकच गोळी झाड, त्याच कागदावर, तारीख घालून. भरण्याआधी कोरडं कापड फिरवून तेल पूस आणि नुसती एक टोपी फोडून बोंडातलं छिद्र मोकळं कर. आठ दिवसांची आठ भोकं ताटलीत बसली, तर मला फोन कर.

गोळी आत जाऊन काय करते हेही पाहायचं असेल तर देशोन्नतीची रद्दी बांधून रात्रभर हौदात भिजत घाल. ओले गठ्ठे एकामागे एक लाव, त्यांच्यामागे पुन्हा तोच बांध. गोळी किती गठ्ठ्यांत शिरली ते मोज, काढून घे, पाहा. चांगली गोळी मशरूमसारखी पसरते पण एकसंध राहते. बाबा ती अकोटला सराफाच्या काट्यावर वजन करायला न्यायचे. सराफ आधी हसायचा, मग तोही उत्सुकतेनं वाट पाहायला लागला. वजन फारसं घटलं नसेल तर गोळी तुकडे होत नाही. पार चपटी होऊन पहिल्याच गठ्ठ्यात बसली, तर तिला डुकराची ढाल ओलांडता येणार नाही. ओला कागद म्हणजे काही हाड-मांस नाही, पण दोन गोळ्यांमधली चांगली कोणती ते तो खरं सांगतो.

त्याच संध्याकाळी बंदूक कढत पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, तेल द्यायचं. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते, सकाळपर्यंत नळीत तांबूस गंज दिसतो. थकलीस तरी हे उद्यावर टाकू नको.

एवढं सगळं जुळलं तरी दोन ठिकाणी माझं ऐक, वाद घालू नको.

रोह्यावर ही बंदूक चालवू नको. परवानगी मिळाली तरी. नर रोही दोनशे किलोच्या वर भरतो, म्हणजे मोठ्या डुकराच्या दुप्पट. गुळगुळीत नळीची गोल गोळी त्याला पाडेल कधी, पण बहुतेकदा पोटात घेऊन तो दोन कोस पळेल आणि कुठेतरी काट्यात आठ दिवस मरत पडेल. त्यासाठी वनखात्यालाच माणूस मागावा, त्याच्याकडे हत्यार त्या कामाचं असतं. रोह्यांना नुसता बार काढ, बिनगोळीचा. चार रात्री पळतील, पाचव्या रात्री मान वर करून पाहतील आणि पुन्हा खातील. जनावर शिकतं. सौर कुंपणाचं झटका मशीन यापेक्षा खूप बरं. जंगलालगतच्या गावांना शासनाच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं, ग्रामपंचायतीत विचार. पण तारेत थेट घरची लाईट सोडणाऱ्याच्या वाटेला जाऊ नको, त्यात डुकराआधी माणूस मरतो. आणि ते कणकेच्या गोळ्यातले गावठी बॉम्ब कोणी घरी आणून दिले तर त्याच पावली ठाण्यात कळव. गाईचा जबडा फुटलेला मी पाहिला आहे, पुन्हा पाहायचा नाही.

दुसरं, रात्रीच्या अंधारात गोळी नाही. बॅटरीत दोन डोळे चमकले म्हणजे डुक्कर असं नसतं. ती शेजाऱ्याची कालवड असते, कुत्रं असतं, आपल्याच धुऱ्यावर बसलेला माणूस असतो. 2025 च्या सुरुवातीला पालघरकडे डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली, पेपरात आलं होतं. ते सगळे रानात वाढलेले होते. तू तुरीत वाढलीस. झुंजूमुंजू झाल्यावर, अख्खं जनावर दिसत असताना, खुंटीच्या अलीकडे, मागे बांध असताना. नाहीतर बंदूक खाली.

मला माहीत आहे, एवढं वाचून तू म्हणशील, "ताई, मी गोळी विचारली, तू तर महाभारत सांगितलं." पण मला गोळी सांगायची भीती वाटते. बाबांनाही कोणीतरी गोळीच सांगितली होती.

शनिवारी अमरावतीहून सकाळच्या एसटीनं येते. मांजरपाट धुऊन ठेव, रद्दी साठवायला लाग, मामाजींची निळी पिशवी शोधून परवान्याच्या दोन झेरॉक्स काढ. नुकसान झालेल्या तुरीचे फोटो आज संध्याकाळच्या आत काढ आणि पंचनाम्याचा अर्ज उद्याच वनखात्यात दे, तो गोळीसाठी थांबवू नको. परवाना हातात पडेपर्यंत बंदूक ठाण्यातच राहू दे.